चौदा किलोची मिजास

नवरात्र सरलं की मावळात दोन पिकं उभी राहतात. एक खाचरांत. ते पिवळं पडायला लागलेलं असतं, वाऱ्याबरोबर एका अंगाला कलतं आणि उन्हात त्याला एक उबदार, धुळकट वास येतो. दुसरं पीक जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर येतं. ते चार महिने पत्र्याच्या शेडखाली ताडपत्री पांघरून बसलेलं असतं, कारण खड्डे आणि डबकी यांना ते भितं. रस्ता वाळला की ते बाहेर पडतं. बुटक्या गाड्या. पोट जमिनीला टेकलेलं, चाकं आतल्या बाजूला मुडपलेली आणि मागे नळकांड्यातून असा आवाज, की बैलसुद्धा मान वळवून बघतो आणि परत चरायला लागतो. बैलाचं मत मला पटतं.

परवा कामशेतला अशीच एक गाडी गतिरोधकापाशी अडली होती. चालवणारा सोडून आतले तिघे खाली उतरले. कारण ते आत असताना गाडीचं पोट गतिरोधकाला घासत होतं. एक जण पुढे वाकून बघत होता, दुसरा हातवारे करत होता, तिसरा मोबाइलवर हे सगळं टिपत होता. गाडी तिरपी होऊन खेकड्यासारखी पलीकडे गेली. मग तिघेही धावत जाऊन आत बसले. बाजूला वालपापडीचं टोपलं घेऊन बसलेल्या मावशी म्हणाल्या, "पायीच जायचं हुतं तर हातगाडी घ्यायची की रं पोरांनो. भाजी तरी मावली असती."

माणसांना खाली उतरवून गाडीला पलीकडे न्यायचं, आणि याला गाडी चालवणं म्हणायचं. ही तुच्छता माझ्या मनात नवी नाही. तीन वर्षांपूर्वीच्या भातकापणीत ती रुजली. त्या वर्षी अशी एक गाडी आमच्याच दारात उभी होती.

गाडी विजूदादाची. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, एका कारखान्यात मेंटेनन्सला. जुनी, पांढरी, चार दारांची जपानी गाडी त्याने वापरलेली घेतली होती आणि तिच्याकडून त्याच्या दोन अपेक्षा होत्या. आठवडाभर तिने घरची कामं करायची आणि हिवाळ्यात घाटमाथ्यावरच्या एका खासगी धावपट्टीवर शर्यत भरते तिथे पळायचं. शर्यत कसली, तर चारशे मीटर, सरळ रेषेत. वळण नाही, चढ नाही, समोरून येणारी एसटी नाही. माणसाने आयुष्यात निवडावी अशी यापेक्षा सोपी वाट मला माहीत नाही, आणि तिच्यासाठी वर्षभर रक्त आटवणारी पोरं मला माहीत आहेत.

घरच्या कामांमधलं सगळ्यांत मोठं काम म्हणजे अण्णांना पुण्याला नेणं. आमचे वडील आंबीजवळच्या एका कारखान्यात प्रेसवर होते. एक दिवस साचे उचलणारी चेनपुली बंद होती, ती कित्येक दिवस बंदच होती, आणि अण्णांना साचा हाताने उचलायला लावला. कंबरेतली एक चकती सरकली. कारखाना म्हणाला, ही पाठ शेतात दुखावली. अण्णा बिछान्यावर असताना कारखान्याने त्यांना गैरहजर ठरवून काढून टाकलं. मग कामगार न्यायालय, मग तारखा. त्या वर्षी दिवाळीनंतर अण्णांची उलटतपासणी होणार होती. कंपनीचा वकील प्रश्न विचारणार आणि अण्णा उत्तरं देणार, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. आमच्या वकीलबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "खुर्ची मागून घेऊ. कुणी नाही म्हणणार नाही."

अण्णा नाही म्हणाले. "उभ्यानं काम केलं. उभ्यानंच सांगेन."

बस त्यांना वर्ज्य होती, दुचाकी तर नकोच. दादाच्या गाडीत मागच्या सीटवर दोन उशा रचून, गुडघे किंचित उचलून, अर्धवट आडवं होऊन ते दीड तासाचा प्रवास काढू शकत. म्हणजे त्या वर्षी आमच्या घराचं सगळं काही त्या गाडीच्या मागच्या सीटवर होतं. अण्णा तिथून उठून सरळ उभे राहू शकतील का, एवढाच प्रश्न होता. आणि त्याच वर्षी दादाने स्प्रिंगा बदलायचं ठरवलं.

पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी जुन्या स्प्रिंगा बसल्या होत्या हे खरं होतं. पण दादाला साध्या नको होत्या. त्याला कॉइलओव्हर हवे होते, म्हणजे शॉक अब्सॉर्बरच्या अंगाभोवतीच स्प्रिंग बसवलेला एक जोड. त्याची उंची पिळून कमीजास्त करता येते आणि त्यात आपल्याला हव्या त्या कडकपणाची स्प्रिंग घालता येते. हा कडकपणा किलोत सांगतात. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला जितके किलो लागतात, तितक्या किलोची ती स्प्रिंग. शोरूममधून आलेल्या अशा गाडीची मागची स्प्रिंग दोन-अडीच किलोची असते. ती माणसाचं ऐकते. पोरांना ऐकणारी स्प्रिंग नको असते.

चिंचवडकडे एक दुकान होतं. त्याच्या मालकाला सगळी पोरं 'सर' म्हणायची. तो कशाचा सर होता ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्याच्या दुकानात एक खुर्ची होती, तिच्यावर तो बसायचा. बाकीचे उभे राहायचे आणि तो आकडे उच्चारायचा. मी दादाबरोबर गेले होते, कारण येताना अण्णांची औषधं घ्यायची होती.

"पुढे आठ, मागे चौदा," सर म्हणाला. "आपली गाडी पुढच्या चाकांनी ओढते. सुटताना ती मागे बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि जागेवर फिरतात. मागे चौदा टाकली की बसणारच नाही. विषय संपला."

"मागे माणूस बसला तर?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो दादाला म्हणाला, "तू मागची सीट अजून काढली नाहीस?"

पोरं हसली. दादाही हसला. ते हसणं मी अजून विसरलेले नाही आणि विसरण्याचा माझा विचारही नाही.

'कडक' हा शब्द आपल्याकडे किती लाडका आहे! चहा कडक, भाषण कडक, साहेब कडक, इस्त्री कडक. आवडलेल्या कुठल्याही गोष्टीला पोरं 'कडक' म्हणतात. जे दबत नाही ते भारी, असं आपण कधीतरी ठरवून टाकलं आणि पुन्हा तपासलं नाही. त्या दुकानात प्रत्येक पोरगा आपल्या स्प्रिंगेचा आकडा छाती फुगवून सांगत होता. दहावाला बारावाल्यापुढे नरमत होता, बारावाला चौदावाल्याला जागा देत होता. कुणीही सांगत नव्हतं की माझ्या गाडीचं वजन इतकं, माझ्या गावचा रस्ता असा, माझ्या मागे अमुक माणूस बसतो, म्हणून मला इतके किलो पाहिजेत. कारण सांगायची गरजच नव्हती. मोठा आकडा हेच कारण होतं.

चौदाच्या स्प्रिंगा बसल्या आणि दिवाळीनंतर तारीख आली.

त्या दिवशीची सकाळ मला वासासकट आठवते. खळ्यांवर झोडपणी चालू होती, हवेत भाताचा तूस उडत होता, आईने अण्णांचा पांढरा सदरा कडक इस्त्रीचा करून ठेवला होता. गाडी गावाबाहेरच्या पहिल्या गतिरोधकावर चढली आणि मागून एक आवाज आला. तो गाडीचा नव्हता. आईने अण्णांचा हात धरला. तळेगावपर्यंत ते रस्त्याकडे बघत होते. सोमाटणे फाट्यानंतर त्यांनी डोळे मिटले. देहूरोडला दादाने वेग इतका कमी केला की सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते, पण ती स्प्रिंग हळू गेल्यानेही दबत नव्हती. रस्त्यावरचा प्रत्येक सांधा ती जसाच्या तसा, काही न ठेवून घेता, अण्णांच्या कंबरेला पोचवत होती.

न्यायालयाच्या व्हरांड्यात अण्णा बाकावर आडवे झाले. पुकारा झाला तेव्हा त्यांनी उठायचा प्रयत्न केला. मी एका बाजूने धरलं, दादाने दुसऱ्या. ते अर्धे उठले आणि परत बसले. इस्त्रीचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. कंपनीच्या वकिलाने घड्याळ पाहिलं आणि मोठ्या मनाने सांगितलं की पुढची तारीख द्यायला त्यांची हरकत नाही. त्यांची हरकत कधीच नसते. डिसेंबरातली तारीख मिळाली. वकीलबाई हळू आवाजात म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर साक्ष राहून जाईल, अण्णा."

परतताना दादा म्हणाला, "शॉकचा स्क्रू दोन क्लिक सॉफ्टकडे फिरवतो. फरक पडेल."

दोन क्लिक! आपला बाप बाकावर आडवा पडलेला पाहून ज्याला दोन क्लिक सुचतात, त्याच्याशी मी आठवडाभर बोलले नाही. बोलण्याऐवजी मी पत्रक काढलं. आमच्या घरी भांडण असंच होतं. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. अण्णांनी आणलेले युनियनचे गठ्ठे घड्या घालत मी वाचायला लागले आणि 'जाहीर' व 'निषेध' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी लिहिता येत होते. मी एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत मथळा घातला, 'चौदा किलोच्या मिजाशीचा जाहीर धिक्कार!' खाली दीड पान ज्वालाग्राही मजकूर लिहिला. भाताची खळ केली आणि कागद दादाच्या गाडीच्या मागच्या काचेवर चिकटवला. सकाळी दूध घालायला निघालेल्या चार माणसांनी तो उभं राहून वाचला. पाचवा वाचणारा दादा.

"पत्रकबाई," तो म्हणाला, "काच तूच घासायची."

मग त्याने तो कागद ओला करून सोडवला आणि अण्णांना नेऊन दिला, माझी चेष्टा व्हावी म्हणून. अण्णा पाठीवर पडल्या पडल्या कागद डोळ्यांवर धरून वाचू लागले. मी दारात उभी होते. मला शाबासकीची खात्री होती.

"धिक्कार तीनदा आलाय," अण्णा म्हणाले. "मागणी कुठंय?"

"मागणी उघड आहे. त्या स्प्रिंगा काढा."

"काढून काय लावा? स्प्रिंगेशिवाय नेतेस मला पुण्याला?"

"कमी किलोच्या लावा."

"किती?"

दादा भिंतीकडे तोंड करून हसत होता.

"आकडा नसलेली मागणी घेऊन गेलं की मॅनेजर चहा पाजतो आणि परत पाठवतो," अण्णा म्हणाले. "मी पुष्कळ चहा प्यायलोय. आकडा आण."

मला राग आला, आणि तो जास्तच आला कारण ते खरं होतं. चौदावर मी दीड पान लिहिलं होतं. पण बारा असते तर मी काय केलं असतं, किंवा आठ? मला माहीत नव्हतं. सरच्या दुकानातली पोरं मोठ्या आकड्याला कारण विचारत नव्हती आणि मी मोठ्या शब्दाला. आमच्यातला फरक एवढाच की त्यांच्या आकड्याने निदान गाडी तरी उभी राहत होती.

म्हणून मी कामशेतला बबनभाऊंकडे गेले. बबनभाऊ पन्नाशीचे. टेम्पो आणि जीपगाड्या दुरुस्त करतात आणि शर्यतीच्या पोरांविषयी त्यांचं मत माझ्यापेक्षाही वाईट आहे, फक्त ते कमी बोलतात. माझं ऐकून घेऊन ते म्हणाले, "चौदा? ऊस वाहतो का तुजा भाऊ?"

"सर म्हणतो, कडक असलं की भार मागे जात नाही."

"जातुय की. पुढून सुटली की भार मागं जायाचा तो जातुयच, त्येला कोन आडवनार? कडक स्प्रिंग फकस्त ठरवती, तो झटक्यात जायाचा का दमानं. लय शिकलेला दिसतुय तुमचा सर." मग त्यांनी हात पुसले. "हे बग ताई. मागच्या चाकावर भार किती, ते मोजून आन. गाडी बुटकी केलीया, बसाया जागा थोडी; तेवढ्या भारानं स्प्रिंग किती बसावी ते मी सांगतो. भाग लाव, झाला तुजा आकडा. पन मोजताना गाडीत जी मानसं बसनार तीच बसव. उगा रिकामी मोजू नगस."

किती साधं! भार मोजा, किती दबायचं ते ठरवा, भागाकार करा. पाचवीतल्या पोराचं गणित. ते करायच्या ऐवजी एक अख्खं दुकान, एक खुर्ची आणि एक सर उभा केला होता.

उर्श्याच्या वाटेवर ट्रकचा वजनकाटा आहे. दुसऱ्या दिवशी मी दादाला तिथे नेलं. तो आला, कारण न्यायालयातल्या बाकानंतर तोही नीट जेवत नव्हता, हे मला तेव्हा दिसत होतं आणि मी बघायचं नाकारत होते. अण्णा म्हणाले, मी येतो, हळू ने. मागे अण्णा आणि आई, पुढे आम्ही दोघं. फक्त मागची चाकं काट्यावर घेतली. काट्यावरचा माणूस खिडकीतून डोकावला. "ताई, हितं ट्रक मोजत्यात. सुटकेस न्हाई."

मी आकडा लिहून घेतला, बबनभाऊंनी भाग लावला. मागे नऊ. मी तो आकडा दादासमोर टाकला, आयुष्यात पहिल्यांदा कुणी भागाकार शोधून काढल्याच्या थाटात. दादाने चिंचवडच्या एका पोराकडून नऊच्या स्प्रिंगा अदलाबदलीत आणल्या, बबनभाऊंनी बसवल्या. मागणी मान्य झाली होती.

त्याच आठवड्यात लोणावळ्याला जायचं होतं. नवा तांदूळ घरात शिजण्याआधी सासरी गेलेल्या लेकींना पोचवायचा, ही आमच्याकडची रीत. काकांनी गिरणीतून आणून आत्याच्या नावाची पोती भरली होती. अण्णा म्हणाले, स्प्रिंग तपासायची तर मीच येतो. आणि काय सांगू, गाडी अशी गेली! वडगाव, कान्हे, कामशेत. प्रत्येक गतिरोधकावर मागचा भाग एकदा हळू खाली जायचा, एकदा वर यायचा आणि शांत व्हायचा. कार्ल्याच्या फाट्यापाशी अण्णा चक्क बाहेरच्या खाचरांवर टीका करायला लागले, कुणाची कापणी लांबली आणि का. मी दादाकडे वळून म्हणाले, "सरांना एक फोन लावू का?" मी पुढचा अर्धा तास बोलत होते.

आत्याचं घर भुशीच्या रस्त्याला. पाऊसभर तिच्या दारापुढे परक्या गाड्यांची रांग, कर्णे, नाचणारी पोटं. पाऊस गेला की उरतात ती मक्याची बुरकुंडी, फुटक्या बाटल्या आणि एका पायाच्या चपला. आत्या दर वर्षी ऑक्टोबरात चपला गोळा करते आणि जोड लागतो का बघते. एकदाही लागलेला नाही. ज्यांना एक चप्पल गमावून घरी जायची लाज वाटत नाही, अशा लोकांच्या आनंदासाठी आम्ही डोंगर राखतो. असो. चहा झाला, डिकी उघडली आणि दादाने पोती उतरवली. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक पन्नास किलोचं.

परतताना पहिल्याच गतिरोधकावर मागून तो आवाज पुन्हा आला.

दादाने गाडी कडेला घेतली. आम्ही दोघांनी उतरून रिकामी डिकी उघडली. काट्यावर गाडी मोजली तेव्हा ती पोती आतच होती. काकांनी आदल्या दिवशी भरून ठेवली होती. त्या दिवसांत आमच्याकडच्या कुठल्याही गाडीच्या डिकीत तांदूळ असतोच, तो कुणी वेगळा मोजत नाही. जुन्या स्प्रिंगा असत्या तर गाडी मागून खाली बसलेली दिसली असती आणि आंधळ्यालाही कळलं असतं. पण त्या दिवशी गाडीत चौदाच्या होत्या. चार पोती पोटात घेऊनही ती मख्खपणे उभी राहिली. कडक वस्तूंचा हा सगळ्यांत मोठा खोटेपणा. त्यांच्यावर केवढं ओझं आहे ते त्या कुणाला कळू देत नाहीत.

"पत्रकबाई," दादा म्हणाला, "तुमची मागणी आत्याकडे उतरली."

मागून अण्णांना हसू आलं आणि हसताना कंबर दुखली, म्हणून त्यांनी दोघांनाही शिव्या घातल्या.

मी हसले नाही. मी नऊचा आकडा मिरवला होता, सरने चौदाचा मिरवला तसाच. त्याने तो हवेतून काढला होता, मी काट्यावरून आणला होता, पण डिकी उघडून बघायची तसदी आम्ही दोघांनीही घेतली नव्हती. ती घडी मला आज आठवली की कानशिलं तापतात. सरविषयीची माझी तुच्छता त्यामुळे कणभरही कमी झाली नाही. फक्त तिच्या रांगेत मला आणखी एका व्यक्तीला उभं करावं लागलं.

पोती वजा करून भाग पुन्हा लावला. सहा आणि सातच्या मध्ये कुठेतरी उत्तर आलं. बबनभाऊ म्हणाले, "सहा घे. मानूस आजारी हाय."

आणि इथे दादाचा प्रश्न उभा राहिला, जो मी तोवर प्रश्नच मानत नव्हते. सहावर त्याची गाडी सुटताना मागे बसणार होती. शर्यत रविवारी, तारीख मंगळवारी. त्याने वर्षभर त्या चारशे मीटरची वाट पाहिली होती. कारखान्यात त्याला दिवसभर दुसऱ्यांची यंत्रं चालू ठेवावी लागत. हे एकच यंत्र त्याचं होतं. तो बबनभाऊंच्या शेडमध्ये पिंपावर बसला होता आणि म्हणाला, "सहाच लावा. मी नाही जात यंदा." फार साधेपणाने म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बबनभाऊंनी मागच्या खणातून दोन काळे रबर काढले, जाड, खाच पाडलेले. टॅक्सीवाले स्प्रिंग बसली की वेटोळ्यांच्या मध्ये अडकवतात ते. "शर्यतीच्या दिशी हे घाल. दोन येटोळी काम करायची बंद व्हत्यात, स्प्रिंग कडक व्हती. सोमवारी काढून टाक. मंगळवारी अण्णांना ने."

दादाने ते रबर हातात घेऊन बघितले. सरच्या दुकानात असल्या रबराचं नाव काढणाऱ्याला हसून बाहेर घालवलं असतं. दादालाही ते माहीत होतं. तो म्हणाला, "घालतो."

रविवारी धावपट्टीवर मी गेले, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. गवत सुकून तांबूस झालं होतं, वारा बोचरा होता आणि जळक्या टायरच्या वासाने नाक भरलं होतं. दादा ज्या गटात उतरला होता त्याचं नाव होतं 'रस्त्यावरच्या गाड्या'. सरच्या चारही रस्त्यावरच्या गाड्या ट्रकवर चढवून आणल्या होत्या. घाटातले खड्डे त्यांना सोसवले नसते. दादा आपली गाडी चालवत आला होता, मागच्या सीटवर अण्णांच्या दोन उशा तशाच ठेवून. त्याच्या चाकात डोकावून सरने रबर पाहिले आणि पोरांना बोलावून दाखवले. दादा पहिली फेरी जिंकला, दुसरी हरला. सरच्याच एका गाडीने त्याला हरवलं, स्वच्छ हरवलं. ती जिंकलेली गाडी परत ट्रकवर चढवताना पुढच्या बंपरचा ओठ फळीला लागून फुटला आणि चार जण तिच्याभोवती सुतकी चेहऱ्याने उभे राहिले. आम्ही दोघं घाट उतरून घरी आलो. दादा वाटेत गाणं गुणगुणत होता. हरलेला माणूस इतका मोकळा कसा, हे मी त्याला विचारलं नाही. काही गोष्टींना तुच्छ लेखायची मला सवय आहे, समजून घ्यायची अजून लागायची आहे.

सोमवारी रबर निघाले. मंगळवारी पुन्हा तोच रस्ता, तेच गतिरोधक. अण्णा देहूरोडला डुलकी लागून घोरत होते.

पुकारा झाला. अण्णा बाकावरून स्वतः उठले, चालत पिंजऱ्यात गेले आणि कठड्याला हात न लावता उभे राहिले. प्रश्न सुरू झाले. कामावर कधी लागलात, शिफ्ट कोणती, साचा किती वजनाचा, कुणी उचलायला सांगितला, कागद आहे का. अण्णा एका सुरात उत्तरं देत होते. एक तास गेला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि माझं लक्ष त्यांच्या कंबरेवर होतं. दादा माझ्या शेजारी दोन्ही मुठी आवळून बसला होता.

मग कंपनीच्या वकिलाने कागद खाली ठेवले आणि हसून विचारलं, "तुम्ही सव्वा तास उभे आहात. पुण्यापर्यंत प्रवास करून आलात. तुमची पाठ तर ठणठणीत दिसते."

अण्णांनी सरळ उभं राहावं म्हणून आम्ही दीड महिना धडपडलो होतो आणि ते सरळ उभे आहेत, हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरत होता. वकीलबाई उठायला लागल्या. अण्णांनी त्यांना हाताने थांबवलं.

"मागच्या तारखेला मी इथे बाहेर बाकावर पडून होतो, ते तुम्ही बघितलंत," ते म्हणाले. "तेव्हा आमच्या गाडीची मागची स्प्रिंग चौदा किलोची होती. आज सहा किलोची आहे."

न्यायाधीशांनी मान वर केली. "म्हणजे काय?"

अण्णांनी सांगितलं. एक मिलिमीटर दाबायला किती किलो, मागच्या चाकावर किती भार, काट्यावर कसं मोजलं, डिकीत तांदूळ कसा राहिला. टंकलेखक थांबून ऐकत होता. न्यायाधीश त्याला म्हणाले, "लिहा." तो लिहायला लागला.

"माझा मुलगा गाड्या पळवतो, साहेब," अण्णा वकिलाकडे वळून म्हणाले. "तो शर्यतीला निघाला होता. तरी त्यानं थांबून मागे बसणाऱ्याचा भार मोजला. तुमच्या कारखान्यात चेनपुली महिनाभर बंद होती, आणि साच्याचा भार कुणावर पडणार, हे कुणी मोजलं नाही. म्हणून मी सहा किलोच्या स्प्रिंगेवर उभा आहे. पाठीवर नाही."

वकिलाने खाली ठेवलेले कागद पुन्हा उचलले. शेजारी दादा खाली मान घालून आपल्या तळव्यांकडे बघत होता. न्यायाधीश अण्णांना म्हणाले, "तुम्ही थकला असाल. आता बसलात तरी चालेल."

"नको साहेब," अण्णा म्हणाले. "त्यांना पुढचा प्रश्न विचारू द्या."